शिट्टीतले श्वास

"आपलंच झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं!" सांगलीच्या कोर्टातले शिरस्तेदार कुरकुरले. बांधाच्या भांडणांचे खटले तुंबलेले, आणि समोर आलं होतं समुद्रापलीकडच्या वेरुना बेटावरचं हत्याकांड. पण नवा कायदाच तसा होता. माणुसकीविरुद्धचा गुन्हा जगात कुठेही घडो, आरोपी इथे सापडला की खटला इथेच.

आरोपी सापडला मिरजेत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या निवृत्त कर्नलला वेरुनाहून निर्वासित होऊन आलेल्या नर्स नेलानं पाहताक्षणी ओळखलं. ती लहान असताना तिथल्या छावणीत त्याच्या शिट्टीसरशी रांगेत उभ्या केलेल्या कैद्यांवर गोळ्या सुटत. तिची आई त्यातच गेली.

पळताना कुणीतरी उचललेली ती शिट्टी इथल्या निर्वासितांनी जपली होती. पण जपण्याची रीतच घातक! दरवर्षी स्मरणदिनी प्रत्येकानं आपल्या मृतांसाठी ती एकदा फुंकायची. म्हणजे पुराव्यावर अख्ख्या वस्तीचे श्वास. फक्त नेलाचे बाबा, ओरिन, दम्याचं निमित्त सांगून ती पुढे सरकवत.

सरकारी वकील शर्वाणी घोरपडे यांची सगळी भिस्त 'श्वासवेधी'वर होती. फुंकरीबरोबर धातूवर वाळलेली ओल हे यंत्र थराथरानं सोलतं आणि कुठला थर कुणाचा ते सांगतं. वस्तीतले श्वास वगळता यावेत म्हणून सगळ्यांचे नमुने आधीच घेतले होते.

सकाळपासून नेला प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. ओरिन बाकावर बसून होते. अखेर शर्वाणी बाहेर आल्या.

"कर्नल सापडला का, मॅडम?"

"सापडला. अगदी तळाशी. पण त्याच्यावर, स्मरणदिनांच्या खाली, अजून एक थर आहे." त्यांना नेलाकडे बघवेना. "तुझ्या बाबांचा."

"बाबा, मशीन चुकलंय ना? सांगा की त्यांना!"

"छावणीतल्या शेवटच्या दिवशी कर्नलनं ती शिट्टी माझ्या तोंडात कोंबली," ओरिन म्हणाले. "पिस्तूल तुझ्या डोक्याला लावलं होतं. एवढीशी होतीस तू."

"आई त्याच रांगेत होती?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. नेलाला रडू फुटेना, आणि रागही धरवेना.

"अहवाल अर्धा देता येत नाही," शर्वाणी हळूच म्हणाल्या. "दिलाच नाही, तर कर्नल सुटेल. दिला, तर त्याचा वकील म्हणेल, शिट्टी यांनीच वाजवली."

"द्या, ताई. पूर्ण द्या." ओरिन उठून लेकीसमोर उभे राहिले. "फक्त तू सांग पोरी, मी कुठल्या पिंजऱ्यात उभा राहू? साक्षीदाराच्या, की आरोपीच्या?"