सदतीस अंशांचं कपाट

मी आत गेलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती, इन्क्युबेटरच्या दाराला पाठ टेकून. पाय लांब केलेले, मांडीवर लॅपटॉप. डोक्यावर अलार्म वाजत होता.

"मशीनवाले ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो. जरा सरकता का मॅडम?"

"सरकले तर दार उघडते. रबर गेलं त्याचं. सकाळपासून अशीच बसून राहिले मी."

"एवढं काय आहे आत?"

"हृदय." माझा चेहरा बघून ती हसली. "म्हणजे हृदयाच्या पेशी. आपल्या अंगासारखी सदतीस डिग्री लागते त्यांना. इथल्या एसीत गार पडतील."

"बाहेर पंचेचाळीस आहे मॅडम. व्हरांड्यात ठेवा, फुकटात गरम राहतील."

"आणि भाजल्या तर तुम्ही नव्या आणून द्याल?"

"मी फक्त रबर बदलतो."

ती परत हसली. मी पण हसलो.

हिंगण्याच्या कंपन्यांमधले फ्रीझर, इन्क्युबेटर दुरुस्त करणं हे माझं काम. लोकांशी कामापुरतं बोलतो. भारती, माझी बायको, गेली तेव्हापासून तर तेवढंही नाही. त्या दिवशी मोटारसायकल सुरू करताना लक्षात आलं की मी अजून हसतोच आहे, आणि माझे कान तापले.

सक्करदऱ्याला घरी गोदूबाई वाट बघत होती. भारतीची आई. एकच मुलगी, तीही गेली. मग ती माझ्याकडेच राहिली. तिनं भाकरी वाढली. मी ताटात बघून जेवलो.

पुढच्या वेळी साध्या तपासणीला गेलो. तिचं नाव दामिनी, हे तोवर कळलं होतं. रबर ठीक होतं. तरी मी बोट फिरवून दोनदा पाहिलं.

"झालं असेल तर इकडे या," ती म्हणाली. "ज्यांच्यासाठी मी दाराला पाठ लावून बसले होते, त्यांना भेटून तर जा."

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. फिकट ठिपक्यांचा एक थर. तो आकसत होता, सुटत होता. आकसत होता…

"हे कोण चालवतं?"

"कोणीच नाही. आपोआप चालतात. आम्ही फक्त औषध देतो आणि ठोके कसे बदलतात ते मोजतो. त्यावरून कॉम्प्युटर सांगतो, हे औषध माणसाच्या हृदयाला काय करेल. माणसाला द्यायच्या आधीच."

"बरोबर सांगतो?"

"चुकतो पण. म्हणून त्याला जुन्या औषधांवर शिकवायचं. ज्यांचं आपल्याला आधीच माहीत आहे, अशांवर. हे बघा —"

तिच्या हातात एक छोटी नळी होती. आत लाल औषध.

तो लाल रंग मला माहीत होता. भारतीला सलाइनमधून तेच द्यायचे. त्यानं कॅन्सरची गाठ कमी झाली होती, आम्ही पेढे वाटले होते. मग तिला जिना चढवेना. मग दोन उशा घेऊनही झोपता येईना. गाठीनं नाही, हृदयानं गेली.

हे सगळं मी दामिनीला सांगितलं. का, ते माहीत नाही. शेवटी विचारलं, "तुमचं हे यंत्र तेव्हा असतं तर?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. औषध तर द्यावंच लागलं असतं. कदाचित आधी सावध होता आलं असतं… कदाचित."

खोटा दिलासा तिनं दिला नाही. नळी मला दिसणार नाही अशी ठेवली आणि माझ्यासाठी स्टूल ओढायला वाकली. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. मला वाटलं, हिनं असंच जवळ उभं राहावं.

भारतीचं औषध समोर होतं, आणि मी दुसऱ्या बाईच्या केसांचा वास घेत होतो.

मी बॅग उचलली आणि तडक निघालो.

नंतर तिकडचं काम आलं की मी भूपेशला पाठवायचो. तो माझ्या हाताखाली काम करतो. दार उघडं राहते, अशी तक्रार आली, तो जाऊन आला. परत तीच तक्रार, परत गेला.

"दादा, मशीनले काही नाही झालं," तो म्हणाला. "दार मस्त लागते. मॅडम म्हणते, ज्यानं रबर लावलं त्यालेच पाठवा. तुमी काहून नाही जात गा?"

मी गेलो. अलार्म वाजत होता, दार वीतभर उघडं होतं. दामिनी बाजूला उभी होती. मी आत पाहिलं. कपाट रिकामं होतं.

"पेशी?"

"शेजारच्या मशीनमध्ये."

"मग हे?"

"हे मीच उघडं ठेवत होते." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "रिकामंच, हं. पेशी असत्या तर नसतं ठेवलं… या वयात असले प्रकार. लाज वाटते मला."

"मला जास्त वाटते."

आणि मी सांगितलं, का निघून गेलो होतो ते. शिकेकाईसकट, घरी वाट बघणाऱ्या भारतीच्या आईसकट.

तिनं दार हळूच लावलं. अलार्म थांबला.

"मला वाटलं, मी ती नळी दाखवली म्हणून तुम्ही रागावलात," ती म्हणाली. "घरी आईंना माहीत आहे?"

"नाही. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं बोलू?"

"याच तोंडानं. त्यांच्यापासून लपवून मला नको सुशीलजी. आधी त्यांना सांगा. नाही म्हणाल्या तर… मशीन बिघडलं तरी मी बोलावणार नाही."

गोदूबाई डाळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, दाराचं पण. तिचा हात थांबला नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "बोलवा तिले. पायतो मी."

रविवारी दामिनी आली. गोदूबाईनं बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला होता. पानं वाढल्यावर तिनं ते "चालणारं" हृदय बघायला मागितलं. दामिनीनं मोबाइलवर दाखवलं. म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"दुखते का वं याले?"

"नाही आई. त्यांना काही कळत नाही."

"माह्या पोरीले कळत होतं."

मी फरशीकडे बघत होतो. आता ही उठून जाईल, असं वाटलं. दोघींपैकी कोण, ते मला सांगता आलं नसतं.

गोदूबाईनं पदरानं मोबाइल पुसला आणि परत दिला.

"तुह्या मशीनचं दार लागते का वं आता?"

दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. "लागते आई."

"मंग आता कोन्त्या निमतानं बोलावशीन याईले?"

"तुम्हीच सांगा."

"मले काय विचारतं? शिकेली तू हायस." गोदूबाईनं तिच्या पानात अजून एक गोळा वाढला. मग माझ्याकडे वळली. "अन् तुमी जवाईबापू, मान वर करून जेवा. पोरगी गेली तवापासून ताटातच पायता. मी बी हावो ना समोर."

मी मान वर केली. गोदूबाईचे डोळे भरलेले होते, आणि ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या शेजारी दामिनी होती. लाज वाटत होतीच. पण मी मान खाली घातली नाही.