शकूचा पाय, मच्छिंद्रच्या चपला

"मी काय भाताचं पोतं आहे?"

शकू मच्छिंद्रशी बोलली ते हे पहिलं वाक्य. प्रेमकथेला याहून गोड सुरुवात शोभली असती. पण नुकताच पाय मोडलेल्या माणसाला जे सुचतं, तेच ती बोलली.

झालं असं. जानेवारीतली संध्याकाळ, हिंजवडीला कंपनीच्या फाटकाशी बस लागलेली. शकू कुबडी आधी वर ठेवून, दांडा धरून, आपल्या वेळेने चढत होती. मागे रांग, रांगेमागे हॉर्न. नव्या ड्रायव्हरला, म्हणजे मच्छिंद्रला, तिची दया आली. त्याने मागून येऊन "थांबा मॅडम" म्हणत तिला काखेत धरलं आणि सरळ उचललं. पायरीची कड तिच्या नडगीला लागली. तुमच्याआमच्या पायाला साधं खरचटलंही नसतं. शकूच्या पायातून मात्र कट् असा आवाज आला.

शकूची हाडं जन्मापासूनच ठिसूळ. एकोणतीस वर्षांत सतरा वेळा मोडली आणि सतराही वेळा भरली. मोडण्याचा तिला तितका राग नव्हता. राग होता तो त्यानंतर तिच्याशी हळू आवाजात बोलणाऱ्यांचा. 'बिच्चारी' हा शब्द ऐकला की ती समोरच्याकडे असं बघायची, की तो माणूस पुढचं वाक्य गिळायचा.

मच्छिंद्र एवढा हादरला, की त्याने चाळीस उतारूंसकट बस थेट दवाखान्यात नेली.

तो बाहेर कागद भरत असताना आत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "ही चीर आजची नाही. हे बघा, कडेला नवीन हाड धरायला लागलंय. तीन आठवडे तरी झाले असतील. दुखत नव्हतं?"

दुखत होतं. पण ऑफिसात काम तुंबलं होतं आणि घरी सांगितलं असतं तर आईने पलंगावरून उतरू दिलं नसतं. म्हणून शकू गप्प राहिली होती.

"त्याने उचललं नसतं, तरी पुढच्या पायरीवर हे मोडलंच असतं," डॉक्टर म्हणाले आणि प्लास्टरच्या तयारीला गेले.

शकूने ठरवलं, बाहेर जाऊन त्या माणसाला सांगून टाकायचं. तेवढ्यात तो चहाचा कप घेऊन आत आला. अर्धा चहा बशीत सांडला होता.

"मॅडम... हाड भरंपर्यंत मी दर रविवारी येनार. तुमी हाकललं तरी येनार."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सावळा, उंच, घाबरलेला. आणि तिने तोंड मिटून घेतलं. चूकच केली. पण केली खरी.

मग वारज्याला शकूच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, रविवार उगवू लागले. दार उघडून शकूची आई, आनंदीबाई, आत वर्दी द्यायच्या, "पाय मोडणारे आलेत." चहा द्यायच्या, पण साखर विचारायच्या नाहीत.

मच्छिंद्र खुर्चीच्या कडेवर बसायचा. घरचा आंबेमोहर आणायचा, कधी पावटे.

"तुमची कंपनी हाय ना, तिथं आमचं भाताचं खाचर व्हतं," एकदा तो म्हणाला. "तुमच्या टेबलाखालीच आसंल बगा."

"म्हणून पोती उचलायची सवय."

"ते इसरा की आता!"

"पाय विसरू देत नाही."

तो ओशाळायचा, आणि शकू मनाशी म्हणायची, आज सांगू... पुढच्या रविवारी नक्की सांगू...

एकदा तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "तुमच्या डोळ्यातलं पांढरं जरा निळं हाय."

"तो माझा आजार आहे. हाडांबरोबर आलाय."

"आसू द्या," तो म्हणाला. "चांगला दिसतोय."

शकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलेले डोळे, आणि हा बाबा म्हणतो, चांगला दिसतोय!

बारावा आठवडा लागला. डॉक्टर म्हणाले, हाड मनासारखं धरत नाही, अजून दोन महिने तरी थांबावं लागेल. एप्रिल तापला होता. त्या रविवारी मच्छिंद्र आला आणि गेला, तेव्हा फरशीवर तांबूस ठसे उमटलेले शकूला दिसले. तिने त्याला जिन्यातून परत बोलावलं.

"पाय दाखवा."

"काय न्हाई ते..."

"दाखवा म्हणते ना!"

तळवे फोडांनी भरले होते. एक फोड फुटला होता. शकूला वाटायचं, चपला तो दाराबाहेर काढत असेल. त्या नव्हत्याच. बारा आठवडे तो अनवाणी होता. बसही अनवाणी चालवत होता.

"गावच्या म्हातोबाला नवस बोललोय," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं हाड भरंपर्यंत पायात काय घालायचं न्हाई."

अजून दोन महिने! भर मे महिन्यात, डांबरावर!

"तुम्ही मोडला नव्हता माझा पाय," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तीन आठवड्यांची चीर, डॉक्टरांचं बोलणं, सगळं.

"आन् तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू आला नसतास."

मच्छिंद्र उभा राहिला. आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"येड्यात काढलं व्हय मला?" तो ओरडला. त्या घरात शकूवर कुणी ओरडलं नव्हतं. "रात रात डोळा लागला न्हाई माजा! एका पोरीचा पाय मोडला म्हनून आरशात त्वांड बघवंना, आन् तू... तू हितं बसून गंमत बघत व्हतीस?"

तो धाडधाड जिना उतरून गेला. शकू रडली. रडता रडता तिच्या ध्यानात आलं, की तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तिच्या हाडांचा विचार न करता म्हणाला. मग ती आणखीच रडली.

एक रविवार गेला. दुसराही गेला. शकूने फोन केला नाही. अपराधापोटी येणारा माणूस अपराध संपला की येत नाही, हे तिला समजत होतं. तो अपराध सोडून दुसऱ्या कशासाठी येत होता का, एवढंच तिला हवं होतं. आणि ते विचारायची तिची लायकी उरली नव्हती.

मंगळवारी भर दुपारी बेल वाजली.

"आता काय मोडायचं राहिलंय?" आनंदीबाईंचा आवाज आला, आणि त्यांच्यामागून मच्छिंद्र. अनवाणीच.

शकू पलंगावर ताठ बसली. "चपला कुठायत? मी सांगितलं ना, तू मोडला नाहीस!"

"सांगितलं की. दोन आठवडं त्येच डोक्यात फिरतंय." तो खुर्चीवर बसला नाही. "म्हातोबाला म्या म्हनलं व्हतं, त्या पोरीचं हाड भरू दे. कुनी मोडलं ते सांगितलंच नव्हतं. मग आता नवस सोडू कसा? हाड कुटं भरलंय अजून?"

शकूचे डोळे भरून आले. तिला तो हवा होता, आत्ता, या क्षणी, त्या फोडांसकट हवा होता. पण शकू ती शकूच.

"आई, बाबांच्या ठेवून दिलेल्या चपला आण."

"अगं, देवाचा नवस असा अर्ध्यावर..."

"देवाला म्हणावं, पाय माझा आहे. माझी हाडं मोडतात तशी भरतात. आज ना उद्या भरतात. त्यासाठी दुसऱ्या कुणी पाय भाजून घ्यायचे नाहीत." मग ती त्याच्याकडे वळली. "मला भक्त नकोय, मच्छिंद्र. त्या दिवशी ओरडलास ना, तसा माणूस हवाय. मी परत मोडणार आहे, नक्की मोडणार आहे. दर वेळी असा अनवाणी फिरणार असशील तर आत्ताच जा. चपला घालणार असशील, तर थांब... कायमचा."

आनंदीबाईंनी चपला आणून ठेवल्या. मच्छिंद्र त्या चपलांकडे बघत राहिला. देवाला दिलेला शब्द होता तो. गमतीचा मामला नव्हता. शकू नखाने चादर खरवडत राहिली.

त्याने हात जोडून डोळे मिटले, मनातल्या मनात कुणाशी तरी काही बोलला, आणि चपलेत पाय सरकवला. मग दुसरा.

"लई घट्ट हायत."

"लग्नात नव्या घेऊ."

"आणि उद्या पुन्हा मोडलं म्हणजे?" आनंदीबाई म्हणाल्या. या खेपेसह अठरा वेळा त्यांनीच या पोरीला दवाखान्यातून घरी आणलं होतं.

"मोडलं तर मोडलं, आई," शकू म्हणाली. "भरतंय की!"

आनंदीबाईंनी पदराने नाक पुसलं. जावयाकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"घरात चपला घालून काय उभे राहिलात? काढा त्या, आणि जेवायला बसा."