आप्पांचं लॉक

डिझाइनच्या प्रोग्रामचं नवीन व्हर्जन टाकलं आणि तो उघडायचाच बंद झाला. क्लिक केलं की खिडकी नुसती चमकायची आणि गायब. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. अँटिव्हायरस बंद केला. ढिम्म.

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात डिझाइनची खोली म्हणजे पत्र्याची भट्टी. भिंतीपलीकडे नवा माग माझ्या वेलीच्या डिझाइनसाठी रिकामा उभा होता. माझ्या, तेही पहिल्यांदाच! चार वर्षं मी गुरुशांत आप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकले. आप्पा खुर्चीत मांडी घालून काम करायचे आणि माउस काही सोडायचे नाहीत. "थांब की गं जरा," एवढंच. गेल्या महिन्यात ते अचानक गेले आणि खुर्ची मला मिळाली. मालक आदिनाथशेठ सकाळीच बजावून गेले होते, "संध्याकाळपर्यंत वेल मागावर चढली नाही, तर बाहेरून माणूस आणतो. तू परत पॅकिंगला."

शेवटी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, नव्या व्हर्जनला लॉक लागतं. पेन ड्राइव्हसारखं, बोटभर. कधीच पाठवलंय तुम्हाला. पण ते दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलेलं दिसतंय, म्हणून तुमच्याकडे उघडत नाही."

"दुसरा कॉम्प्युटरच नाही हो आमच्याकडे!"

"आहे मॅडम. आत्ता काम चाललंय त्यावर."

डोकं सणकलं. आप्पांनी लॉक घरी नेलं असणार, दुसरं काय! त्यांच्या बायकोला, चंद्रव्वाकाकूंना फोन केला.

"ते काळं, बोटभर? हरवाय नको म्हणून गळ्यात बांधलं हुतं की त्यांनी. इष्टलिंगाच्या शेजारी."

"मग आता कुठंय?"

"कुटं म्हंजे? गळ्यातलं कोण काढतंय, बाई? आमच्यात मांडी घालून बसवत्यात मातीत. तसंच बसवलं त्यास्नी."

मी फोन ठेवला. पुन्हा कंपनीला लावला आणि ओरडलेच, "अहो, ते लॉक जमिनीत पुरलंय! तुमच्याकडून बंद करा!"

पलीकडे बराच वेळ बटणांची टकटक झाली.

"होत नाही मॅडम. तिकडे फाईल उघडी आहे. 'उत्कर्षा-वेल' नावाची."

उत्कर्षा म्हणजे मीच. ती फाईल या खोलीबाहेर कधी गेलीच नव्हती.

मी नेटची वायर उपटली.

प्रोग्राम आपोआप उघडला.

पडद्यावर माझी वेल होती. सुटले बाई, असं वाटून माउस धरला, तर बाण जागचा हलेना. मग तो आपला आपणच सरकला. एक पान पुसलं. मग दुसरं. मी माउस सोडला, तरी तिसरं.

"आप्पा, ही माझी आहे," मी म्हणाले. मला संताप आला होता आणि रडूही येत होतं.

बाण थांबला. मी खुर्चीत होते तोवर थांबूनच राहिला.

मी उठले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून शेजारी बसले.

रिकाम्या खुर्चीची गादी हळूच दबली. आधी एका गुडघ्याखाली, मग दुसऱ्या.