ठकीला खरचटलं

पिंपळठाणची वेस आपणहून उघडली, तेव्हा चाचणीकक्षातले सगळे खुर्च्या सोडून मोठ्या पडद्यापाशी आले.

पिंपळठाण कुठल्याही नकाशात नाही. नागपुरातल्या एका इमारतीत तयार होत असलेल्या 'काजळगड' या खेळातलं ते गाव. खेळ प्रौढांसाठीचा. खेळणाऱ्यानं सरदाराची, चेटक्याची नाहीतर दरोडेखोराची भूमिका घ्यायची आणि त्या काळोख्या राज्यात आपलं नशीब आजमावायचं. त्या दुपारी काही चाचणीदार दरोडेखोर होऊन वेशीबाहेर धनुष्यं ताणून उभे होते. अशा वेळी गावकरी एरवी पळत सुटायचे, तळघरात लपायचे, हातापाया पडायचे.

आज वेशीतून मुलं बाहेर आली.

मोठ्यांनी त्यांना दंडाला धरून पुढे केलं होतं. सगुणा नावाची एक बाई होती. तिनं आपल्या पाच वर्षांच्या पोरीला, ठकीला, काखेत हात घालून छातीसमोर उचललं होतं, दाराची फळी उचलावी तसं. बाण सुटले. मुलांच्या अंगावर आदळले आणि काटक्यांसारखे खाली पडले. मग मुलांच्या डोक्यांवरून मागच्या गड्यांच्या गोफणी फिरल्या. दरोडेखोर आडवे झाले.

"अरे, काय करून राहिले हे लोकं!" समीहन चांदेकर ओरडला. कंपनी त्याची, खेळही त्याचाच, आणि आवाजात नुसता आनंद. "जबरदस्त! कोणी लिहिलं हे? प्रणोती, तू?"

प्रणोती वानखडे पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. ठकी घाबरली नव्हती. रडतही नव्हती. आईच्या हातात असून ती कुणाच्याच हातात नसल्यासारखी लोंबत होती.

"कोणीच लिहिलं नाही," प्रणोती म्हणाली.

प्रणोती 'काजळगड'ची नियमकार. त्या जगात काय घडू शकतं आणि काय नाही, हे ती ठरवायची. पाणी उताराकडे वाहील, आग लाकूड खाईल, विष प्यायलेला मरेल. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिनं आणखी एक नियम घातला होता: या जगातलं मूल अवध्य असेल. कुठलंही शस्त्र, आग, पाणी, पडणं-झडणं, कशानंही त्याला इजा होणार नाही. त्यावरून समीहनशी तिचं महिनाभर भांडण झालं होतं. "प्रौढांचा खेळ आहे. गावं जळतील, फितुरी होईल, फाशी होईल, आणि पोरं तेवढी चकचकीत फिरतील? आई झाल्यापासून तू फार हळवी झाली बघ," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. शेवटी खेळांना वयाचा शिक्का देणाऱ्या वयश्रेणी मंडळाला तिचाच नियम आवडला, म्हणून तो राहिला.

"हे थांबव," ती आता म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? मुलांची ढाल केलीय त्यांनी!"

"मग? एका तरी पोराला काही झालं का?" समीहननं पडद्याकडे हात केला. "दाखव मला. रक्ताचा थेंब नाही. मंडळाचा शिक्का आहे. नियम तुझा, अक्षर अन् अक्षर पाळलंय. कशाला टेन्शन घेऊन राहिली तू? जाहिरातीत हेच टाकू आपण. लोकं येडे होतील."

"समीहन, तुला काळोख म्हणजे फक्त रक्त वाटतं का रे?" तिचा आवाज चढला. "त्या पोरीचं तोंड बघ. तिच्या आईनं तिला वापरलंय, आणि ते तिला कळलंय. तू खेळात दहा मुडदे जास्त टाकले असतेस तरी मला एवढी चीड आली नसती."

"झालं. परत सुरू झाली आई," तो कोणाकडे तरी बघून पुटपुटला.

प्रणोती दार आपटून बाहेर पडली.

डॉ. उत्तरा मेश्राम पलीकडच्या खोलीत डब्यातली मेथीची भाजी खात बसल्या होत्या. खेळातल्या पात्रांना चालवणारी पात्रबुद्धी ही त्यांची निर्मिती. प्रणोतीनं पाहिलेलं सगळं एका दमात सांगितलं.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "पोळी खातेस?"

"मॅडम, तुमची पात्रं असं कसं वागू शकतात? आया आहेत त्या!"

"आया मी केल्या नाहीत गं. मी पात्रांना दोनच ओढी दिल्या. जगावं, आणि आपलं माणूस जवळ असावं. बाकी सगळं ती अनुभवानं शिकतात. ज्यानं जीव वाचतो ते पुन्हा करतात, ज्यानं हानी होते ते टाळतात. एकाला कळलं की तो दुसऱ्याला सांगतो. पोरं तर मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात." त्यांनी बोटं पुसली. "कधीतरी एखादं पोर खेळता खेळता मध्ये आलं असेल. त्याला बाण लागला आणि गळून पडला. बघणाऱ्यांनी बघितलं. संपलं."

"पण माया?"

"तुझी लेक रांगताना पायरीशी गेली की तू काय करतेस?"

"धावते."

"का?"

प्रणोती आता खुर्चीत टेकली.

"कारण ती पडेल," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "आणि पडली तर लागेल. सगुणाला धावायचं कारणच उरलेलं नाही. ते तू काढून घेतलंस, बाई. चांगल्या मनानं काढलंस, पण काढलंस."

प्रणोती तळमजल्यावरच्या पाळणाघरात गेली. तिथल्या ताईंनी तिची लेक तिच्याकडे दिली. पोरीच्या कपाळावर नव्यानं एक लालसर टेंगूळ आलं होतं. "खुर्ची धरून उभी राहायला बघत होती," ताई अपराधीपणानं म्हणाल्या. प्रणोतीनं टेंगळावर ओठ टेकवले आणि दूध पाजायला बसली. पोरीनं नेहमीसारखी तिची बटणं ओढली, मध्येच दूध सोडून तिच्याकडे बघून हसली. ते टेंगूळ नसतं तर आपण त्या कपाळाकडे पाहिलं तरी असतं का, असं प्रणोतीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःच्या नियमाचा एकदम राग आला.

वर येऊन, मेश्राम मॅडमना सोबत घेऊन ती समीहनला म्हणाली, "माझा नियम काढायचाय. मुलांना इजा होऊ दे."

त्यानं आधी तिच्याकडे आणि मग मेश्राम मॅडमकडे पाहिलं. "ही खरंच प्रणोती आहे ना? मी तेव्हापासून हेच बोंबलून राहिलो होतो! ठीक. एकदम खरं करू. बाण लागला की खेळ खलास."

"मरण नाही. खरचटेल, रक्त येईल, दुखेल, ताप येईल. त्यापुढे काही नाही."

"हे काय अर्धवट? त्यानं काय शिकणार ते?"

"पुरेल," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "रक्त आल्यावर पुढे काय होतं, हे कुठली आई तपासून बघते?"

पहिली जखम कोणी करायची, यावर मात्र समीहनचा एक चाचणीदार लगेच हात वर करून पुढे आला. प्रणोतीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला. आजवर तिनं त्या जगाचे नियम लिहिले होते, पण त्या जगातलं शस्त्र कधी हातात घेतलं नव्हतं. आता तिनं घेतलं. एकटीच दरोडेखोर होऊन ती पिंपळठाणच्या वेशीबाहेर उभी राहिली.

वेस उघडली. मुलं पुढे आली. सगुणानं ठकीला उचललं.

प्रणोतीनं बराच वेळ नेम धरला. मागे समीहन म्हणाला, "मार ना." तिनं बाण सोडला. तो ठकीच्या गुडघ्याला चाटून गेला.

एक लाल रेघ उमटली. ठकीनं गुडघ्याकडे पाहिलं. तिला हे काय आहे ते माहीत नव्हतं. तिनं बोट लावलं आणि मग किंचाळली, असं की चाचणीकक्षातल्या दोघातिघांनी मान फिरवली. सगुणानं पोरीला खाली ठेवलं नाही. उलटं वळवलं, छातीशी घेतलं आणि शत्रूकडे पाठ केली. स्वतःची उघडी पाठ. अजून एक बाण आला असता तर तिथेच संपली असती, पण ती तशीच वाकून, पोरीभोवती स्वतःला गुंडाळून उभी राहिली. शेजारच्या बाईनं ते पाहिलं आणि आपलं पोर ओढून घेतलं. मग तिच्या पलीकडच्या गड्यानं. ओळ मोडली. वेस धाडकन बंद झाली.

आतून सगुणाचा आवाज येत होता. ती गुडघ्यावर फुंकर घालत होती. फुंकर घालायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

प्रणोतीनं उपकरण खाली ठेवलं. "एवढाच काळोख पुरतो, समीहन," ती म्हणाली. "समोरच्याला जपावंसं वाटेल एवढा. त्याच्यावरचा सगळा तुझ्या जाहिरातीसाठी."

बातमी बाजारातून, नात्यागोत्यातून काजळगडच्या गावोगावी गेली. कुठल्याच गावात कुठलंच मूल वेशीबाहेर दिसेना. बाणाची दुसरी जखम झालीच नाही. कोणी मूल शोधत आलं, तर त्याला आधी अख्ख्या गावाशी लढावं लागे.

मात्र निवडक खेळाडूंना खेळ चाखायला दिला, तेव्हा त्यांच्या तक्रारी आल्या. मुलांच्या ढालीची चित्रफीत त्यांनी जाहिरातीत आधी पाहिली होती. ती कुठे गेली? आम्ही प्रौढ आहोत, आम्हाला प्रौढ खेळ द्या.

समीहननं बैठकीत जाहीर केलं, "जुना नियम परत लागू. मूल अवध्य. साधं खरचटणारसुद्धा नाही."

"ढाल परत यावी म्हणून," प्रणोती म्हणाली.

"मी तर नियम मऊ करून राहिलो! तुझाच नियम आहे तो. मंडळ खूश, तू खूश."

"मंडळाला सांग ना मग, कशासाठी ते!" ती उभी राहिली होती. "वर लिहायचं, या खेळात मुलांना इजा होत नाही. आणि खाली त्यांनाच पुढे उभं करायचं. तू राक्षस दाखव, प्रेतं दाखव, माणसातला सगळा नीचपणा दाखव, मी नियम लिहून देते. पण दाखवताना त्याला नीचपणा म्हण. त्याच्यावर 'बालसुरक्षित'चा शिक्का मारू नकोस."

"झालं भाषण?" समीहननं विचारलं. नियम लागू झाला.

आठवडा गेला. ढाल परत आली नाही. मुलं दाराआडच राहिली.

"काय भानगड आहे?" त्यानं मेश्राम मॅडमना विचारलं. "नियम चालू आहे ना?"

"आहे की. पण त्यांना कसं कळणार? मूल अवध्य आहे, हे कळायला कुठल्यातरी आईनं आपलं मूल बाणापुढे धरून बघायला हवं. रक्त पाहिलेली आई ते करत नाही. हजार वर्षं चालव हवं तर."

प्रणोती पहिल्यांदाच मोकळी हसली. समीहन मात्र पडद्याकडे बघत होता. "आया नाही करणार," तो हळूच म्हणाला. "पण ती बघा."

भर दुपारी सगुणाचा डोळा लागला होता आणि ठकी मागच्या दारानं बाहेर सटकली होती. गावाच्या कुसावर चढून ती दोन्ही हात पसरून चालत होती. मुलं चालतात तशीच, पायांकडे न बघता. तोल गेला. ती खाली निवडुंगाच्या दाट कुंपणात कोसळली.

प्रणोती नकळत एक पाऊल पुढे झाली.

ठकी उठून बसली. अंगाखाली काटे चुरडले होते. तिनं हात पाहिले, पाय पाहिले. गुडघा पाहिला. कुठे काहीच नव्हतं. तिनं एक काटा उचलून तळहाताला टोचून बघितला. तो वाकला.

"कळलं!" समीहननं टाळी वाजवली. "कळलं तिला! आता घरी जाऊन सांगेल. आई शेजारणीला सांगेल. उद्या सकाळी अख्खी ओळ वेशीबाहेर. मॅडम, तुम्हीच म्हणाल्या होत्या, पोरं पटकन शिकतात."

नियम पुन्हा बदलता येणार नव्हता, कारण बैठकीनंतर त्याची किल्ली समीहननं स्वतःकडे घेतली होती. प्रणोती नुसती बघत राहिली. ठकीच्या तोंडून आता एकच वाक्य निघायचं होतं: आई, मला लागलं नाही.

ठकी बराच वेळ तिथंच बसून राहिली. एकदा तिनं वेशीकडे पाहिलं, जिथे तिला फळीसारखं उचलून धरत. मग घराकडे पाहिलं.

मग तिनं निवडुंगाचं एक पिकलेलं बोंड तोडलं. काट्यांसकट, उघड्या हातानं. ते दगडावर ठेचलं. आतला गर लालभडक होता. तो तिनं गुडघ्याला नीट चोळला, थोडा पोटरीवर ओघळू दिला आणि लंगडत घराकडे निघाली. दार जवळ आल्यावर तिनं मोठ्यानं गळा काढला.

"आई गं! लागलं!"

सगुणा धावत बाहेर आली. तिनं पोरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि गुडघ्यावर फुंकर घालत, रागावत, मुके घेत तिला आत नेलं. दार आतून लागलं.