डावीकडे चार पूर्णांक दोन

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीवर ओढवलेला प्रसंग आहे.

आणि काळोखी रात्र, सुनसान रस्ता असलं यात काही नाही. सोमवार होता. दुपारचे सव्वादोन. हॉस्पिटलचा तिसरा मजला, खोलीत लख्ख उजेड.

ताईचं काम चेहरे मोजायचं. जबड्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला खुर्चीत बसवायचं, "दात मिटा, हलू नका" म्हणायचं आणि बटण दाबायचं. पाच कॅमेरे एकदम चमकतात. पडद्यावर चेहरा उभा राहतो, हनुवटीच्या खळीसकट. तो डॉक्टरांनी आधी आखलेल्या चेहऱ्यावर बसवला की फरक रंगात दिसतो. जमलंय तिथे हिरवा. हुकलंय तिथे लाल.

मशीन नीट चालतंय ना, हे बघायला ताई दर सोमवारी जेवणानंतर स्वतःचाच चेहरा स्कॅन करायची आणि जुन्या स्कॅनवर बसवायची. दहा वर्षं हिरवा.

आता तिची चूक सांगतो. झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. ऑपरेशननंतर त्यांची हनुवटी डावीकडे सरकली, खाली टाक्यांची बारीक रेघ राहिली. तोंड उघडलं की कानाशी आवाज यायचा. कट्.

बाईंची हयात मापं घेण्यात गेलेली. खुर्चीत बसतानाच त्या म्हणाल्या, "मला टेप लागत नाही, ताई. चार मिलिमीटर. वर थोडंसं."

ताईने मोजलं. चार पूर्णांक दोन.

बाईंनी तक्रार केली आणि डॉक्टरांचं धाबं दणाणलं. ते स्वतः खाली आले.

"चांगली बाजू आरशासारखी उलटव आणि वाईट बाजूवर बसव. रोज करतेसच की तू."

करायची ती. पण ऑपरेशनची आखणी करताना. त्या दिवशी तिने तो बनावट चेहरा 'ऑपरेशननंतर' म्हणून साठवला.

आणि खरा पुसून टाकला.

त्याआधी तिने मला फोन केला होता. मी म्हणालो, "कशाला नसती भानगड? गप्प बस."

चौकशी समितीसमोर पडदा हिरवागार. "समोर दिसतेय ती सूज आहे, उतरेल," डॉक्टर म्हणाले.

बाई ताईकडे वळल्या. "तुम्ही माझं तोंड मोजलंय. सांगा ना यांना!"

ताई कीबोर्डकडे बघत राहिली.

जाताना बाई दारात थांबल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"पुसलंत ना माझं तोंड? बरं. मी दुसरीकडे ठेवते."

सूज उतरलीच नाही, कारण ती सूज नव्हतीच. बाईंना चावता येईना. अन्न सुटलं, अंगातलं त्राण गेलं. सात महिन्यांत त्या गेल्या.

त्यानंतरचा पहिला सोमवार.

ताईने स्वतःचा स्कॅन घेतला. कपाळ हिरवं. गाल हिरवे.

हनुवटीच्या डावीकडे... लाल ठिपका.

अर्धा मिलिमीटर.

तिने कॅमेऱ्यांच्या काचा पुसल्या. तपासणीसाठी ठेवलेलं प्लॅस्टरचं डोकं स्कॅन केलं. हिरवं. पुन्हा स्वतःला केलं. लाल.

आणि मागच्या, पेशंटच्या रिकाम्या खुर्चीतून...

कट्.

ताई म्हणते, "मी वळून पाहिलं नाही रे. कोण आहे ते मला ठाऊक होतं."

पुढच्या सोमवारी दीड. त्याच्या पुढच्या सोमवारी अडीच. घरी भावोजी हसून म्हणाले, "आज नाक मुरडलंस की काय माझ्यावर? तोंड वाकडं दिसतंय." ताई हसली नाही. तिला घास डावीकडे घेता येईना झालं होतं.

सव्वातीन मिलिमीटर झालं तेव्हा तिचा धीर सुटला. नोकरी जाईल तर जाऊ दे, चेहरा तरी राहील, असं तिला वाटलं. तिने समितीला सगळं लिहून दिलं.

समिती त्या खोलीतच जमली. डॉक्टरही आले.

"मूळ स्कॅन कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मीच पुसला."

डॉक्टर आरामात मागे रेलले. "कामाचा ताण आहे तिच्यावर. भलतंसलतं बोलतेय."

ताई उठली आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. "मला स्कॅन करा."

तिच्या सहकारी मुलीने बटण दाबलं. कॅमेरे चमकले. चेहरा उभा राहिला... हळूहळू लाल होत गेला.

डावीकडे. चार पूर्णांक दोन.

हनुवटीखाली टाक्यांची बारीक रेघ होती. ताईला जन्मात कधी टाका पडलेला नाही.

अध्यक्षबाई खुर्ची मागे सारत उठल्या. "ही खूण... ही तर त्या शिवणकामवाल्या बाईंची!"

"मूर्खपणा आहे हा," डॉक्टर म्हणाले. "असं होऊच शकत..."

कट्.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

डॉक्टरांनी तोंड मिटायचा प्रयत्न केला. मिटेना. हाताने जबडा धरून ते तसेच बाहेर गेले. पुन्हा त्यांनी ऑपरेशन केलेलं नाही. बाईंची तक्रार खरी असल्याचं समितीने लिहून दिलं, पण ते वाचायला बाई नव्हत्या.

ताईचा चेहरा मागे आला नाही. सोमवारी ती अजून मोजते. चार पूर्णांक दोन. पुढेही नाही, मागेही नाही. बाईंना हवं होतं तेवढंच माप.

हे का झालं, कसं झालं, मला विचारू नका. डॉक्टरांनी सांगितलं, ताईने केलं. मी तर फक्त "गप्प बस" म्हणालो होतो. एवढंच.

गेल्या आठवड्यापासून चहा पिताना माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब ओघळतो.

ताई म्हणते, "सोमवारी ये. मोजून बघू."

मी अजून गेलेलो नाही.