सगळं ओरिजिनल

मल्लेशला गाडीचं वेड होतं म्हणणं म्हणजे रंकाळ्याला डबकं म्हणण्यातला प्रकार. त्याचे वडील बसलिंगाप्पा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. ते गेले, पाठोपाठ त्याची आई, अव्वाही गेली, आणि अप्पांची त्र्याहत्तर सालची फियाट कुणीतरी घेऊन गेलं. अप्पा गेले तेव्हा हा बेळगावात हॉस्टेलवर होता. शेवटचं बोलणं राहूनच गेलं. तेव्हापासून त्याच्या स्वप्नात तीच गाडी यायची. शेवटी गारगोटीजवळ कोंबड्यांच्या एका शेडात ती सापडली, खुराड्यासारखी घाण, बरेच पार्ट गेलेले, पण तीच. ट्रकवर घालून घरी आणली तेव्हा हा बाबा रस्त्यातच रडला.

रविवारी सकाळी रंकाळ्यावर जुन्या गाड्यांवाले जमत. कुणाची अँबॅसिडर, कुणाची काँटेसा. मिसळ खात एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, हा खरा कार्यक्रम. तिथं मल्लेश छाती काढून सांगायचा, "माझ्या गाडीत एक स्क्रू डुप्लिकेट घालणार न्हाय. सगळं ओरिजिनल."

उद्यमनगरातला सयाजी मिस्त्री ह्या हट्टापायी कपाळाला हात लावायचा. "मालक, कशाला जीव काढताय? लेथवर घडवून देतो की. मूळच्यापेक्षा चांगला."

"चांगला नको. मूळचाच पायजे."

घरात गाडीच्या वर एकच नंबर होता, वर्षाराणीचा. मल्लेशची एकुलती एक शाळकरी पोर. दर वाढदिवसाला तिला दाराच्या चौकटीला उभी करून डोक्यावर पेन्सिलनं रेघ मारायची, हा बापलेकीचा रिवाज होता.

मागच्या दिव्याची मूळ लाल काच बसली, त्या संध्याकाळी अप्पांच्या फोटोवरचा चंदनाचा हार गायब झाला. "तुम्हीच काढला असणार," त्याची बायको विद्याश्री म्हणाली. त्यानं काढला नव्हता. पण हारावरनं कोण भांडत बसणार?

मग हॉर्नची रिंग बसली. त्यानं हौसेनं हॉर्न वाजवला, आणि स्वयंपाकघरातून रॉकेलचा वास आला. घरात गॅस येऊन जमाना झाला होता. विद्याश्रीनं कपाटं उपसली, मोरी घासली, तरी वास हलेना. उलट मल्लेशला अधूनमधून कुणी स्टोव्हला पंप मारतंय असं ऐकू यायला लागलं.

पुढचा क्रोमचा बंपर चढवला त्या दिवशी तो अंगणात उकिडवा बसून त्यात आपलं तोंड बघत होता. पाठ पोळायला लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की अंगण उन्हानं भरलंय. दुपार कलली की मागच्या उंच इमारतीची सावली गाडीवर यायची. त्यानं वळून बघितलं. इमारत जागेवर होती, बाल्कन्यांतून कपडे वाळत होते. सावली तेवढी पडत नव्हती.

"पप्पा, माझ्या रेघा कुणी पुसल्या?" वर्षानं आतून विचारलं.

तो गेला. रेघा पुसलेल्या नव्हत्या. चौकटीला हिरवा ऑइल पेंट होता, त्याच्या लहानपणी असायचा तो. त्यानं नख मारून बघितलं. खाली कालपर्यंतचा पांढरा रंग नव्हता, नुसतं लाकूड होतं.

नवरात्रात एकदा जेवायला बसले, तर विद्याश्रीनं दोनच ताटं घेतली.

"आणि वर्षाचं?"

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून हसली. "बघा की! डोकं कुठं हाय माझं."

वर्षा शेजारीच उभी होती. "मम्मी, मी कवाधरनं हाका मारतोय," ती म्हणाली. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. मल्लेशनं आपलं ताट तिच्यापुढं सरकवलं.

सकाळी उठून तो तडक उद्यमनगरात गेला. "सयाजी, सगळं काढून टाक. तुझं घडीव घाल. आत्ताच्या आत्ता."

सयाजी हसला. "मालक, आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसली, लेथ फिरायचा न्हाय. दसरा होऊ दे, मग या." आणि त्यानं कागदात गुंडाळलेली एक जड वस्तू मल्लेशच्या हातात ठेवली. "तुमचं कार्ब्युरेटर. मूळचं मिळालं बघा. एवढं बसलं की झाली गाडी."

घरी येऊन तो फाटक लावतोय, तोवर अंगणात कुणीतरी खोकलं. आधी कोरडं, मग घसा साफ करून, "शिवा शिवा."

अंगणात कुणी नव्हतं. मल्लेशच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पांशिवाय असं कोण खोकतं?

त्यानं स्वतःची समजूत घातली. बोल्टनं बसतंय ते बोल्टनंच निघतंय. एकदा अप्पांना बघायचं, दोन शब्द बोलायचे, की लगेच काढून टाकायचं. पोरीला काय होतंय तेवढ्यात?

घरीही पाटावर हत्यारं मांडली होती, प्रत्येकावर विभूतीची बोटं ओढलेली. त्यानं पाना उचलला.

"पूजेतलं हत्यार? आज?" विद्याश्री ओरडली.

"एकच मिनिट गं."

वर्षा पायरीवर बसली होती. "पप्पा, नको ना," असं तिचे ओठ म्हणाले.

"लगेच काढतो, राणी."

बोल्ट आवळले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

पायरी रिकामी होती.

"वर्षा!"

तो घरात धावला. स्टोव्ह भरभरत होता. पुढ्यात इरकली लुगड्यातली अव्वा भाकरी थापत होती.

"कुणाला हाका मारतोस रं?" तिनं वर न बघता विचारलं.

तो उलट्या पावली पळाला. पाना हातातच होता. बोल्ट काढायचे, बस्स.

बॉनेट उघडंच होतं. त्यानं हात घातला. हात पोचला नाही.

टाचा उंचावल्या. तरी पोचला नाही.

पाना जड झाला होता. दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

मागून कुणीतरी त्याला काखेत धरून अलगद उचललं. गुळाचा वास आला.

"हात काळं करून घेतलंस की," अप्पा म्हणाले. त्यांनी त्याच्या मुठीतून पाना सोडवून घेतला, बॉनेट लावलं, त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी बाहेर काढली.

"आता रडायला काय झालं?"

मल्लेशनं आठवून बघितलं. एक नाव होतं. आत्ता तोंडात होतं.

"ठाऊक न्हाय," तो म्हणाला.

बिंदू चौक येईपर्यंत त्याचं रडं थांबलंही होतं.