हिरव्या व्हॅनमधली वाट चुकलेली वीज

ही गोष्ट २०६१ सालची. परतवाड्याच्या रस्त्यांवर तेव्हा पेट्रोलच्या गाड्या नावालाच उरल्या होत्या. विजेच्या गाड्या इतक्या गुपचूप जायच्या की रस्ता ओलांडताना म्हातारी माणसं दचकायची. घरोघरी यंत्रमानव आले होते, पण संत्री मात्र अजून हातानंच तोडावी लागत.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सहावीतल्या कुहूच्या अंगणात एक कोडं उभं होतं. हिरवंगार, चार चाकांचं, गोल डोळ्यांचं. ती होती तिच्या आबाजींची जुनी व्हॅन. आबाजींच्या वडिलांनी त्या व्हॅनमधून मेळघाटातल्या गावांना पुस्तकं पोचवली होती. आता मात्र तिचं वागणंच उलटंपालटं झालं होतं. ब्रेक दाबला की मागचा वळणाचा पिवळा दिवा मिणमिणायचा. इंजिन सुरू होताना कण्हायचं, सुरू झालंच तर उचक्या द्यायचं, आणि चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची मूठ) आत ढकलला की पटकन बंद पडायचं.

"पेट्रोलचा दोष आहे," सकाळी आबाजी म्हणाले. दुपारी म्हणाले, "छे, विजेचा." चहा पिऊन झाल्यावर ते पुन्हा व्हॅनखाली शिरले.

आबाजींचं नाव स्वप्निल काळे. उपग्रहांची वीजव्यवस्था सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. पृथ्वीभोवती फिरणारी यंत्रं त्यांनी इथं बसून दुरुस्त केली होती, आणि अंगणातली व्हॅन काही दाद देत नव्हती. त्यांनी बॅटरी बदलली, ठिणगी पाडणारे प्लग बदलले, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं) उघडून धुतला. व्हॅन उचक्या देतच राहिली.

"खटपट, तू तरी सांग ना, हिला काय झालं?" कुहूनं विचारलं.

खटपट हा त्यांचा यंत्रमानव. दुरुस्तीच्या कामात पटाईत. नव्या गाड्या काय दुखतंय ते त्याला आपणहून कळवत.

"मी हिला तीनदा विचारलं," खटपट म्हणाला. "ही बोलत नाही."

"रुसली असंल."

"रुसणे हा दोष मला शिकवलेला नाही."

"तुले काय शिकवलं मंग? नुसतं उभं राहणं?"

"अवं, त्याले नको बोलू," आबाजी व्हॅनखालून म्हणाले. "मलेच कुठं काही समजून राहिलं!"

दुसऱ्या दिवशी परिवहन खात्याच्या काळमेघ मॅडम तपासणीला यायच्या होत्या. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना वर्षातून एकदा, चिखलदऱ्याच्या फेरीपुरती, रस्त्यावर यायची परवानगी मिळे. जी गाडी तपासणीत नापास होई तिचं इंजिन काढून घेत आणि तिला संग्रहालयात ठेवत. आजी गेल्यापासून आबाजी घराबाहेर पडत ते या फेरीसाठीच. वर्षभर तिचीच तयारी. यंदा तर त्यांनी खंडेनवमीच्या पूजेसाठी व्हॅन पूर्ण खोलून, जुना गंज खरवडून, कोपरा न कोपरा रंगवला होता. व्हॅन गेली तर आबाजी काय करतील, हे कुहूला विचारायचं धाडस होत नव्हतं.

"पुन्हा एकदा," आबाजी म्हणाले. "चोक ओढ आणि किल्ली फिरव."

कुहूनं किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, थांबलं. तिनं पुन्हा फिरवली, पुन्हा, आणि चोकची मूठ धरली.

"आई गं! भाजलं!"

"इंजिन तापलं असंल," आबाजी म्हणाले.

कुहू बोटावर फुंकर घालत होती. मग तिची फुंकर थांबली. "पण आबाजी, इंजिन तर अजून सुरूच झालं नाही. ते तापलं कसं?"

आबाजी व्हॅनखालून बाहेर आले. त्यांच्या नाकाला काळं लागलं होतं.

"खटपट, तुझा उष्णतेचा डोळा उघड," ते म्हणाले. त्या डोळ्यानं खटपटला अवरक्त किरणं (तापलेल्या वस्तूतून निघणारी, आपल्याला न दिसणारी किरणं) दिसत. कुहूनं किल्ली फिरवली आणि खटपटनं जे पाहिलं ते आपल्या छातीवरच्या पडद्यावर दाखवलं. सगळी व्हॅन निळी, थंड. आणि चोकच्या मुठीपासून इंजिनापर्यंत गेलेली बारीक पोलादी तार लालभडक!

"शक्यच नाही," आबाजी म्हणाले. "ही तार फक्त ओढायची. तिच्यात वीज सोडलेलीच नाही."

तिघंही त्या लाल रेघेकडे बघत बसली. खटपटनं डोळा मिटून उघडला. रेघ तिथंच होती.

कुहूला शाळेतला प्रयोग आठवला. एक सेल, एक छोटा दिवा, दोन तारा. एक तार सोडली की दिवा विझे. ती मागच्या दिव्यांपाशी गेली. झाकण काढून आत वाकली. प्रत्येक दिव्याला एकच तार येत होती.

"आबाजी, दुसरी तार कुठं आहे?"

"कोणती दुसरी?"

"बॅटरीकडे परत जायची. शाळेत तर दोन लागतात."

आबाजींनी वाकून त्या तारांकडे पाहिलं. मग ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि खो खो हसायला लागले. "उपग्रहात परतीची तार वेगळी असते वं, बाई. म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही! इथं दुसरी तार म्हणजे ही व्हॅनच. हिचं लोखंडी अंग."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि तिला बॅटरीकडे परत यावंच लागतं. या पूर्ण फेरीला परिपथ (विजेचा जाऊन येऊन बंद झालेला रस्ता) म्हणतात. जुन्या गाडीत वीज जाते तारेतून आणि परत येते गाडीच्या लोखंडातून. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून त्याला गाडीच्या अंगाशी जोडायला एक जाड पट्टी बसवतात.

"आणि रंगातून वीज जाते का?" कुहूनं विचारलं.

"नाही जात," आबाजी म्हणाले, आणि एकदम गंभीर झाले. "म्हणजे मीच... मी पट्टीच्या बोल्टखाली पण रंग दिला. दिव्यांच्या खाली पण."

"मग वीज कुठून परत गेली?"

"घाटात दरड कोसळली की ट्रक काय करतात?"

"आपल्या बोळातून जातात. मागच्या पावसाळ्यात भिंत घासली होती."

"तसंच. मोठी पट्टी बंद, म्हणून एवढी वीज घुसली त्या बारीक तारेत. बोळात गर्दी झाली, तार तापली. चोक आत ढकलला की तारेचा स्पर्श सुटायचा. ठिणगीच्या विजेलाही परतायला वाट उरायची नाही, आणि इंजिन बंद."

"आणि पिवळा दिवा?"

"ब्रेकच्या दिव्याखालीही रंग, म्हणून त्याची वीज शेजाऱ्याच्या, म्हणजे पिवळ्या दिव्याच्या, घरातून उलटी बाहेर पडत होती. जाता जाता त्याचा दिवा थोडा पेटवत होती."

"खात्री करून बघू," कुहू म्हणाली.

"माझा हात मध्ये धरू का? तो धातूचा आहे," खटपट पुढे आला.

"नको रे बाबा, तुझंच डोकं फिरायचं!" आबाजींनी एक जाड तार आणली. तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. कुहूनं किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं नाही, उचकी नाही. सरळ धडधडायला लागलं. तिनं चोक आत ढकलला. धडधड चालूच!

आता जोड उघडून रंग खरवडायचा होता. आबाजींनी हातात पॉलिश पेपर घेतला आणि त्या चकचकीत हिरव्या रंगाकडे बघत राहिले.

"मी घासू?" कुहूनं हळूच विचारलं.

"नाही. मी दिलाय, मीच काढतो." आणि त्यांनी घासायला सुरुवात केली. खालून पांढरं, लखलखीत लोखंड दिसलं.

काळमेघ मॅडम आल्या, तेव्हा त्यांनी आधी व्हॅनभोवती एक चक्कर मारली. "काळे सर, रंग तर नवरीसारखा आहे. आतून काय आहे बघू." त्यांनी ब्रेक दाबायला लावला, दिवे लावायला लावले, चोक आत ढकलून इंजिनाला कान दिला.

"चांगली चालते," मॅडम म्हणाल्या. "फेरीला मागच्या सीटवर जागा असंल तर मलेही न्या."

त्या रविवारी चौघंही चिखलदऱ्याला गेली. आबाजींनी पुढे आठ वर्षं ती फेरी केली. नंतर त्यांचे गुडघे थकले, पण तोवर अर्धा परतवाडा आपली जुनी यंत्रं घेऊन त्यांच्या अंगणात यायला लागला होता, त्यामुळे घरात बसून राहायला त्यांना सवड झाली नाही. काळमेघ मॅडम नोकरीतून निवृत्त झाल्या आणि स्वतःच एक खटारा मोटार विकत घेऊन बसल्या. ती अजून सुरू झालेली नाही. खटपट गावच्या शाळेत प्रयोग शिकवतो. मुलं त्याला मुद्दाम चुकीच्या तारा जोडून दाखवतात आणि तो दर वेळी गोंधळतो.

कुहू चंद्रावर आहे. तिथली माती इतकी कोरडी की तिच्यातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणून वस्तीतल्या विजेला परतायला वाट कशी द्यायची, यावर तिचा गट काम करतो. अजून नीट जमलेलं नाही. तिनं परवाच कळवलंय की गटात नवी डोकी हवी आहेत, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे, सहावी-सातवीत असलेल्यांनी आतापासून तयारीला लागावं.